टेलोमिअर, टेलोमरेज आणि म्हातारपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेलोमिअर म्हणजे नेमकं काय?

आपल्या बहुतेक पेशींच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रं असतात. प्रत्येक गुणसूत्र म्हणजे डीएनएचा एक लांबलचक सरळ रेणू, त्यामुळे त्याला दोन टोकं आलीच. डीएनएचे घटक ए, टी, जी, सी या चार अक्षरांनी लिहितात. या ९२ टोकांवर टीटीएजीजीजी हा एकच सहा अक्षरी तुकडा ओळीने शेकडो-हजारो वेळा येतो. हा पट्टा आणि त्याला धरून बसलेली प्रथिनं मिळून टेलोमिअर होतो. कुठलंही प्रथिन कसं बनवायचं याची माहिती या तुकड्यात नसते. त्याचं काम निराळं आहे.

पेशीत डीएनए तुटला की दुरुस्तीची यंत्रणा तुटलेली टोकं शोधून एकमेकांना जोडते. अडचण अशी की गुणसूत्राचं नैसर्गिक टोकही तुटलेल्या टोकासारखंच दिसतं. ते उघडं राहिलं तर दोन वेगळी गुणसूत्रं एकमेकांना जोडली जातील आणि पुढच्या विभाजनात सगळाच गोंधळ होईल. मक्यावर काम करणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक आणि फळमाशीवर काम करणारे हर्मन मुलर या दोघांना १९३० च्या दशकात हेच दिसलं होतं: तुटलेली टोकं चिकटतात, मूळची टोकं चिकटत नाहीत. माणसात हा बचाव सहा प्रथिनांचा एक गट करतो. त्याला शेल्टरिन म्हणतात. टेलोमिअरचं शेवटचं एकेरी टोक मागे वळून स्वतःतच खोचलं जातं आणि फास तयार होतो. टोक लपलं की दुरुस्ती यंत्रणेला सापडत नाही.

पण ते झिजतात का?

डीएनएची नक्कल करणारं विकर (एन्झाइम) एकाच दिशेने चालतं आणि सुरुवातीला त्याला आरएनएचा छोटा आधार लागतो. नक्कल झाल्यावर तो आधार काढून टाकला जातो. मध्ये कुठे अशी जागा रिकामी झाली तर शेजारचा धागा वाढवून ती भरता येते. अगदी टोकाला मात्र पलीकडे शेजारीच नसतो, त्यामुळे तेवढा भाग नकलेतून गळतो. वहीच्या शेवटी कोरी पानं असली की फाटतात ती तीच, मजकूर शाबूत राहतो. टेलोमिअरचा उपयोग साधारण असा आहे.

ही अडचण जेम्स वॉटसन यांनी १९७२ मध्ये मांडली. त्याच्या वर्षभर आधी मॉस्कोत अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांनी ती मांडलीच होती, आणि पुढे जाऊन हेही म्हटलं होतं की पेशींच्या म्हातारपणाचं कारण इथे असू शकेल. ही कल्पना त्यांना मेट्रोच्या स्थानकावर उभं असताना सुचली. लेख रशियन भाषेत असल्याने बाहेरच्या जगाने बराच काळ त्याची दखल घेतली नाही. पुढे टेलोमिअरच्या कामाला नोबेल मिळालं तेव्हाही त्यांचं नाव त्यात नव्हतं.

नकलेतली ही गळती हे झिजण्याचं एकमेव कारण नाही. टेलोमिअरमध्ये जी हे अक्षर फार असतं आणि ऑक्सिडीकरणाचा मार त्यालाच जास्त बसतो. दीर्घकाळचा दाह आणि धूम्रपान यांचा संबंध इथे येतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये एका विभाजनामागे साधारण ५० ते २०० अक्षरं कमी होतात.

जिवाणूंना ही कटकट नाही. बहुतेकांचा डीएनए वर्तुळाकार असतो, म्हणजे टोकच नाही.

पेशी ठरावीक वेळाच विभागते, हे कसं कळलं?

यामागची कथा मोठी मजेशीर आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेल या नोबेलविजेत्या शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला घेतल्या. त्या १९४६ पर्यंत, म्हणजे कॅरेल स्वतः गेल्यानंतरही, जिवंत होत्या. पेशी मुळात अमर असतात, म्हातारं होतं ते शरीर, असं मत त्यातून पक्कं झालं. इतर कुणाला हा प्रयोग साधेना, पण दोष आपल्याच हातांचा असं म्हणून लोक गप्प बसले. पेशींना खाद्य म्हणून जो गर्भाचा अर्क घालत, त्यातूनच ताज्या पेशी आत जात असाव्यात, असं आज बहुतेक जण मानतात.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधल्या लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी हे मत उलटवलं. गर्भातून घेतलेल्या माणसाच्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, असं त्यांनी दाखवलं. त्यातला एक प्रयोग फार देखणा होता. पुष्कळदा विभागून झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि तरुण स्त्री-पेशी त्यांनी एकाच भांड्यात वाढवल्या. दोष भांड्याचा, खाद्याचा किंवा एखाद्या विषाणूचा असता तर दोन्ही थांबायला हव्या होत्या. काही काळाने भांड्यात फक्त स्त्री-पेशी उरल्या. म्हणजे मोजणी पेशीच्या आत चालते. गोठवून ठेवलेल्या पेशी नंतर बाहेर काढल्या तरी आधी जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे मोजतात. हा लेख पहिल्या नियतकालिकाने परत पाठवला होता. ते नियतकालिक रॉकफेलरचंच होतं.

या कामातून निघालेल्या मानवी डिप्लॉइड (गुणसूत्रांचा नेहमीचा दुहेरी संच असलेल्या) पेशींवर नंतर लसींसाठी विषाणू वाढवले जाऊ लागले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लसीतले दोन्ही विषाणू अशाच प्रकारच्या मानवी पेशींवर वाढवले जातात, आणि त्यातल्या रुबेलाच्या वाणाचं नाव विस्टार आरए २७/३ आहे. शाळेत ती लस घेतलेल्या आपल्याकडच्या मुलांचा या संशोधनाशी असा थेट संबंध आहे.

टेलोमिअर संपला की पेशी मरते?

बहुधा नाही. तो पूर्ण संपायची वाटही पाहावी लागत नाही. ९२ पैकी काही मोजके टेलोमिअर फार आखूड झाले, तिथला फास टिकेनासा झाला, की पेशी त्याला डीएनए तुटल्याची खूण समजते आणि विभाजन कायमचं बंद करते. पेशी जिवंत असते, खातेपिते, पण तिची वाढ थांबलेली असते. अशा निवृत्त पेशी आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत बसतात, आणि वयानुसार ऊतींमध्ये त्यांची संख्या वाढत जाते. एखादी पेशी हा थांबा ओलांडून पुढे गेलीच, तर गुणसूत्रं खरोखरच एकमेकांना चिकटायला लागतात आणि अशा बहुतेक पेशी मरतात.

टेलोमरेज काय करतं आणि ते सापडलं कसं?

ते झिजलेलं टोक पुन्हा लिहितं. हे विकर प्रथिन आणि आरएनए यांचं मिळून बनलेलं असतं. आरएनएमध्ये त्या सहा अक्षरांचा साचा असतो आणि प्रथिन त्यावरून डीएनए तयार करतं. आरएनएवरून डीएनए लिहिण्याची ही रीत एचआयव्हीच्या विकराचीही आहे.

त्याचा शोध लागला तळ्यातल्या टेट्राहायमिना नावाच्या एकपेशीय जीवात. हा जीव आपल्या गुणसूत्रांचे हजारो छोटे तुकडे करून ठेवतो. तुकडे हजारो म्हणजे टोकंही हजारो, टेलोमिअर शोधणाऱ्याला आणखी काय हवं? एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी येल विद्यापीठात जोसेफ गॉल यांच्याकडे काम करताना याच जीवात टोकाची पुनरावृत्ती वाचली, ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे तो तुकडा टीटीजीजीजीजी असा आहे, आपल्यापेक्षा एका अक्षराने वेगळा. पुढे त्यांनी आणि जॅक शोस्टॅक यांनी ही टोकं यीस्टमध्ये घालून पाहिली, तर तिथेही त्यांनी डीएनएचं रक्षण केलं. इतकंच नव्हे, यीस्टने त्यांच्यावर स्वतःच्या धाटणीची अक्षरं चढवली. अक्षरं चढतात, तर चढवणारं कुणीतरी असणार.

ब्लॅकबर्न यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर बर्कलीत त्याच्या मागे लागली. २५ डिसेंबर १९८४ ला, ऐन नाताळच्या दिवशी, प्रयोगशाळेत जाऊन तिने फिल्म धुतली, तेव्हा सहा-सहा अक्षरांच्या अंतराने पडलेले पट्टे दिसले, म्हणजे टोकावर तुकडे चढवणारं टेलोमरेज सापडलं. २००९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टॅक या तिघांना मिळालं. तळ्यातल्या जीवाची टोकं कशाला मोजायची, असं म्हणून कुणी त्या वेळी पैसे नाकारले असते तर हे पान लिहायची वेळ आली नसती.

मग हे विकर सगळ्या पेशींत चालू का नसतं?

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि जाहिरातींमध्ये नेमका तोच गाळलेला असतो.

गर्भावस्थेत टेलोमरेज जोरात असतं. नंतर बहुतेक ऊतींमध्ये ते बंद केलं जातं. शुक्रपेशी तयार करणाऱ्या पेशींमध्ये ते चालू राहतं, नाहीतर प्रत्येक पिढी आधीपेक्षा आखूड टोकं घेऊन जन्मली असती. रक्त, आतडं, केसांची मुळं यांच्यातल्या मूलपेशींमध्ये आणि संसर्गाशी लढताना भराभर वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये ते थोडंफार असतं, झीज मंदावण्यापुरतं.

बाकी ठिकाणी ते बंद ठेवण्यात शहाणपण आहे. कर्करोग होण्यासाठी एका पेशीला एकामागून एक बिघाड साठवत असंख्य वेळा विभागावं लागतं. विभाजनाला मर्यादा असेल तर ती वाट मध्येच बंद होते. म्हणूनच पुढच्या टप्प्याला पोचलेल्या कर्करोगांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्क्यांमध्ये टेलोमरेज पुन्हा चालू झालेलं सापडतं, आणि उरलेले बहुतेक गुणसूत्रांची आपसात अदलाबदल करून टोकं लांबवतात. माणसातलं टेलोमरेज १९८९ मध्ये पहिल्यांदा दिसलं तेही हेला पेशींमध्ये. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून, त्यांना न विचारता घेतलेल्या या पेशी आजही जगभर वाढत आहेत.

तेव्हा 'टेलोमरेज वाढवा, तरुण राहा' हे वाक्य अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कर्करोगाच्या वॉर्डात लिहिलेलं आहे.

म्हातारपण टेलोमिअरमुळेच येतं का?

नाही. त्याचा वाटा आहे, सगळा हिशोब त्याच्या नावावर नाही.

बाजूने बोलणारा पुरावा भक्कम आहे. माणसाच्या पेशी जुन्या होताना टेलोमिअर आखडतात, हे हार्ली, फचर आणि ग्रायडर यांनी १९९० मध्ये दाखवलं. १९९८ मध्ये निरोगी पेशींत टेलोमरेजचं जनुक घातल्यावर त्या हेफ्लिकची मर्यादा ओलांडून विभागत राहिल्या. म्हणजे भांड्यातल्या पेशींपुरतं तरी कारण आणि परिणाम सिद्ध झाले.

पण माणूस म्हणजे भांड्यातली पेशी नव्हे. मेंदूतल्या चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायूपेशी मोठेपणी जवळपास विभागतच नाहीत, तरी मेंदू आणि हृदय म्हातारं होतंच. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात, अनेकदा ५० हजार अक्षरांच्या आसपास, आणि त्यांच्या अधिक ऊतींमध्ये टेलोमरेज चालू असतं. आयुष्य मात्र दोन-तीन वर्षांचं. टेलोमरेजचा आरएनए काढून टाकलेले उंदीर पहिल्या पिढीत जवळपास धडधाकट निघाले. वंध्यत्व, अकाली पिकलेले केस वगैरे पुढच्या पिढ्यांत दिसले. २०१३ च्या एका गाजलेल्या आढाव्यात वार्धक्याची नऊ लक्षणं सांगितली होती, २०२३ मध्ये ती बारा झाली. टेलोमिअरची झीज त्यातलं एक.

टेलोमिअर आखूड असल्याने खरोखरचा आजार होतो का?

होतो, आणि इथे बोलणं तर्कावर नाही, रुग्णांवर आहे.

डिस्केराटोसिस कंजेनिटा या दुर्मिळ जन्मजात आजारात टेलोमरेज किंवा त्याच्या सोबतच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. नखं वेडीवाकडी होतात, मानेवर आणि छातीवर जाळीदार डाग येतात, तोंडात पांढरे चट्टे पडतात. पुढे अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं कमी करते. आपल्याकडे तोंडात पांढरा चट्टा दिसला की पहिला संशय तंबाखू-गुटख्यावर जातो आणि बहुतेक वेळा तो खराच असतो; पण कधीच तंबाखू न खाणाऱ्या मुलाच्या तोंडात असा चट्टा, शिवाय खराब नखं आणि कमी रक्त असेल, तर रक्तविकारतज्ज्ञाला जरूर दाखवावं.

मोठ्यांमध्ये हाच दोष निराळ्या रूपात येतो. पन्नाशी-साठीत फुप्फुसं कडक होणं, दारू न पिणाऱ्याला लिव्हर सिरॉसिस, विशीत पिकलेले केस, आणि घरातल्या कुणाला रक्ताचा विकार. वेगवेगळे डॉक्टर हे वेगवेगळे आजार म्हणून पाहतात. कुटुंबाचा इतिहास एकत्र मांडला तर धागा सापडतो. पिढी दर पिढी टोकं आखूड होत जात असल्याने आजोबांना साठीत झालेलं नातवाला विशीत होऊ शकतं.

निदान महत्त्वाचं आहे ते उपचार बदलतात म्हणून. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधीची केमोथेरपी आणि किरणोत्सर्ग या रुग्णांच्या फुप्फुस-यकृताला झेपत नाहीत, त्यामुळे सौम्य पद्धत वापरावी लागते. भाऊ-बहीण दाता असेल तर त्याच्यातही तोच दोष नाही ना, हे आधी तपासतात. २०१६ मध्ये अमेरिकेत २७ रुग्णांना डॅनाझोल हे संप्रेरकासारखं औषध दिलं तेव्हा तपासता आलेल्या बहुतेकांचे टेलोमिअर वाढले आणि रक्तही सुधारलं. पण यकृतावर परिणाम करणारं औषध आहे ते. निरोगी माणसाने तारुण्यासाठी घेण्याचं नव्हे.

म्हणजे लांब टेलोमिअर असले की चांगलं?

लोकांच्या अपेक्षेइतकं नाही. जनुकांवरून टेलोमिअरची लांबी आणि आजार यांचा ताळा घालणाऱ्या २०१७ च्या मोठ्या विश्लेषणात लांब टेलोमिअरवाल्यांना हृदयरोगाचा धोका कमी, पण अनेक प्रकारच्या कर्करोगांचा जास्त असं दिसलं. शेल्टरिनमधल्या पॉट१ या प्रथिनात दोष असलेल्या काही कुटुंबांचा अभ्यास जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे टेलोमिअर फारच लांब होते, काहींचे केस उतारवयातही पिकले नव्हते. त्यांना गाठी मात्र पुष्कळ होत्या, साध्याही आणि कर्करोगाच्याही.

टेलोमिअर टेस्ट करून माझं 'खरं वय' कळेल?

पैसे वाचवा. प्रौढ माणसाच्या पांढऱ्या पेशींत टेलोमिअरची सरासरी लांबी सहा-सात हजार अक्षरं धरली आणि वर्षाला २०-३० अक्षरांची झीज धरली, तर वर्षाचा फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत येतो. बाजारातल्या चाचण्या ज्या पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याच्या) पद्धतीने होतात त्यातली चूकच काही टक्क्यांची असते. त्यात नवजात बाळांमध्येही आपसात हजारो अक्षरांचा फरक असतो. तुमचा आजचा आकडा कमी असेल, तर तो झिजून कमी झालाय की जन्मतःच कमी होता, हे एका चाचणीतून कळत नाही. बायकांचे टेलोमिअर पुरुषांपेक्षा सरासरीने थोडे लांब असतात, तोही फरक धरावा लागतो.

वर सांगितलेल्या आजारांसाठी केली जाणारी फ्लो-फिश ही चाचणी वेगळी. तिथे वयाच्या मानाने सगळ्यात खालच्या एका टक्क्यात आकडा आहे का, हे पाहतात. ती डॉक्टरांनी सांगितली तर करायचीच.

आवळा, च्यवनप्राश, टीए-६५ यांनी टेलोमिअर वाढतात का?

टीए-६५ हे अ‍ॅस्ट्रॅगॅलस या चिनी औषधी वनस्पतीपासून काढलेलं महागडं पूरक आहे. त्यावरचे माणसांमधले अभ्यास छोटे आहेत, आणि ते घेऊन कुणाचं आयुष्य वाढल्याचं कुणी दाखवलेलं नाही.

आवळ्याबद्दल आपल्याकडचाच अभ्यास आहे. मणिपालच्या संशोधकांनी ४५ ते ६० वयाच्या निरोगी लोकांना आमलकी रसायन दिलं. रक्तपेशींतलं टेलोमरेजचं काम वाढलेलं दिसलं, टेलोमिअरच्या लांबीत मात्र लक्षात येण्यासारखा बदल झाला नाही. हा निष्कर्ष त्यांनी प्रामाणिकपणे तसाच मांडला आहे. फॉरवर्ड होणाऱ्या संदेशात फक्त पहिलं वाक्य येतं. आवळा खा, चांगलाच आहे, कारण टेलोमिअर नसलं तरी.

ध्यान, व्यायाम, आहार?

२००४ मध्ये एलिसा एपल आणि ब्लॅकबर्न यांनी आजारी मुलांचा दीर्घकाळ सांभाळ करणाऱ्या आयांचा अभ्यास केला. ज्यांना ताण जास्त जाणवत होता त्यांचे टेलोमिअर आखूड होते. त्यानंतर या विषयाला पूर आला. आहार, व्यायाम, योग आणि ताण-नियोजन असा एकत्र कार्यक्रम पाच वर्षं पाळणाऱ्या, सौम्य प्रोस्टेट कर्करोग असलेल्या पुरुषांमध्ये टेलोमिअर सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचं २०१३ मध्ये छापून आलं. कार्यक्रम पाळणारे फक्त दहा जण होते. एवढ्यावरून मोठी विधानं करू नयेत.

आणखी एक गोम आहे. मोजणी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची होते, आणि त्यांचं मिश्रण ताण, सर्दी, व्यायाम यांनी बदलत असतं. सरासरी वाढली म्हणजे प्रत्येक पेशीचं टोक वाढलं, असं होत नाही. चालायला जाण्यासाठी रक्तदाब आणि साखर ही कारणं पुरेशी आहेत.

टेलोमरेजची जीन थेरपी कुणी घेतली आहे का?

२०१५ मध्ये एलिझाबेथ पॅरिश या अमेरिकी उद्योजिकेने कोलंबियात जाऊन स्वतःवर ती करून घेतली. नंतर त्यांच्या कंपनीने जाहीर केलं की पांढऱ्या पेशींतली सरासरी ६.७१ हजार अक्षरांवरून ७.३३ हजारांवर गेली. एक व्यक्ती, तुलनेला कुणी नाही, आणि मोजणारी पद्धतच काही टक्के मागेपुढे होणारी. यातून काही सिद्ध होत नाही.

उंदरांतलं काम जास्त गंभीर आहे. स्पेनमधल्या मारिया ब्लास्को यांच्या गटाने २०१२ मध्ये एक आणि दोन वर्षांच्या उंदरांना ही थेरपी दिली. त्यांचं मध्यक आयुष्य अनुक्रमे २४ आणि १३ टक्क्यांनी वाढलं आणि कर्करोग वाढला नाही. पण उंदीर दोन-तीन वर्षं जगतो. कर्करोगाला वाढायला माणसात पन्नास वर्षं मिळतात.

डॉली मेंढी लवकर मेली ती टेलोमिअरमुळेच ना?

सहा वर्षांच्या मेंढीच्या पेशीपासून बनलेल्या डॉलीचे टेलोमिअर तिच्या वयाच्या मानाने आखूड होते, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण २००३ मध्ये तिला मारावं लागलं ते विषाणूमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या गाठीमुळे. त्याच पेशींपासून नंतर बनवलेल्या तिच्या चार बहिणी चांगल्या म्हाताऱ्या झाल्या.

अंतराळात गेल्यावर टेलोमिअर वाढतात म्हणे?

स्कॉट केली ३४० दिवस अवकाशस्थानकावर होते आणि त्यांचा जुळा भाऊ मार्क जमिनीवर. स्कॉट यांचे टेलोमिअर तिथे लांबले, परतल्यावर काही दिवसांतच आखडले, आणि फार आखूड टोकांची संख्या आधीपेक्षा जास्त निघाली. तारुण्याचा इथे काही संबंध नाही.

वडिलांचं वय जास्त असेल तर मुलांवर परिणाम होतो?

होतो, आणि दिशा उलटी आहे. शुक्रपेशींमधले टेलोमिअर वयानुसार लांबत जातात, त्यामुळे उशिरा बाप झालेल्यांच्या मुलांचे टेलोमिअर सरासरीने थोडे लांब असतात. वयस्क पित्याकडून येणारी नवी उत्परिवर्तनंही जास्त असतात, तेव्हा यावरून लग्न लांबवू नये.

टेलोमरेज थांबवून कर्करोग बरा करता येईल?

प्रयत्न जुना आहे, फळ मर्यादित. विकर आज बंद केलं तरी गाठीतल्या पेशींची टोकं संपायला अनेक विभाजनं जावी लागतात. तोवर गाठ वाढतच राहते. काही कर्करोगांचा अदलाबदलीचा दुसरा मार्ग असतोच. तरी जून २०२४ मध्ये अमेरिकेत इमेटेलस्टॅट या पहिल्या टेलोमरेजरोधक औषधाला मान्यता मिळाली. कमी धोक्याच्या मायलोडिसप्लास्टिक सिंड्रोममध्ये (अस्थिमज्जा नीट रक्तपेशी बनवत नाही असा विकार) ज्यांना वरचेवर रक्त चढवावं लागतं अशा रुग्णांसाठी ते आहे. दर चार आठवड्यांनी शिरेतून देतात. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी होणं हा त्याचा मुख्य त्रास, त्यामुळे रक्ततपासणी चालू ठेवावी लागते. ते घेतल्यावर काही रुग्णांना सहा महिने आणि त्याहून जास्त काळ रक्त चढवावं लागलेलं नाही.